खर्‍याला आपण व्यसन कधी म्हणणार?

आपल्याकडे व्यसनांचीही एक वर्णव्यवस्था आहे. दारू सर्वांत खाली. दारू पिणारा तो व्यसनी, त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही, त्याला जामीन राहायचे नाही. गांजा ओढणारा एकतर बुवा, नाहीतर वाया गेलेला. बिडीवाला बिचारा कष्टकरी. आणि खर्रा? खर्रा या उतरंडीत कुठेच बसत नाही. तो पाहुण्याला द्यायचा असतो, मजुराला कामावर टिकवायचा असतो, कचेरीत अडलेल्या कागदाला हलवायचा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्याने चार दिवस काढले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

नोकरीतली अकरा वर्षे माझी या दोन जिल्ह्यांतल्या बँकशाखांत गेली. मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा या रस्त्यांवर एस.टी. जिथे थांबे, तिथे चहाची टपरी एखादे वेळी नसे, पण पानठेला हटकून असे. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने घोटायचा आणि गाठ मारून हाती द्यायचा. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी एवढी ओळख पुरे. इकडच्या वाचकाला तर त्या घोटण्याचा आवाजसुद्धा ओळखीचा आहे.

कर्जाच्या कामाने घरोघरी जाणे होई. एका घरी नववीतला पोरगा शाळा सोडून बसलेला. गालाच्या आत काहीतरी दाबून धरलेले, बोलायला सांगितले की उठून बाहेर जायचा. मी बापाला विचारले. तो निश्चिंतपणे म्हणाला, "दारू नाई पेत जी साहेब, खर्राच खाते." त्या 'च'मध्ये एका बापाचे सारे समाधान होते. पोरगा मोठ्या संकटातून वाचला, याचा तो दाखलाच देत होता. या लेखाचे भांडण त्या 'च'शी आहे.

तो 'च' खोटा कसा, ते पाहू. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. तंबाखूबद्दल तर शंकाच नव्हती. खर्‍यात दोन्ही एकत्र येतात आणि चुना त्यांना तोंडात जिरवायला मदत करतो. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग जांभई पुरती येत नाही, मग घास जाण्यापुरतेही तोंड उघडत नाही. हे म्हातारपणी होते असे कोणी समजू नये. २०१९ मध्ये देशभरच्या शाळांतून झालेल्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या दर शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे साडेआठ जण तंबाखू वापरणारे निघाले. खाण्याच्या तंबाखूची सुरुवात ज्या वयात होते, ते मध्यम वय दहा वर्षांच्याही किंचित आत होते. दहा वर्षे म्हणजे चौथी-पाचवीचा वर्ग!

माझा पेशा आकड्यांचा, म्हणून हिशेबही मांडतो. एक पुडी वीस रुपयांची धरा, दिवसाला तीन. महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,६०० रुपये. शाळकरी मुलाला हे पैसे कोण देते? आईच्या धान्याच्या डब्यातली नोट, बापाच्या खिशातली चिल्लर, मोहाच्या हंगामात वेचलेल्या फुलांचे पैसे. व्यसनाचे कर्ज सावकारी कर्जासारखे असते. व्याज रोज भरायचे, मुद्दल मात्र जिथल्या तिथे.

मग कायदे नाहीत का? भरपूर आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला अमली पदार्थ वा तंबाखू देणार्‍याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आणि तरीही पानठेल्यावर शाळेच्या गणवेशातला मुलगा उभा असतो, त्याच्या शेजारी त्याचे गुरुजी उभे असतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

बंदीचे राजकारण या भागाला नवे नाही. बायकांनी, तरुणांनी, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला आणि गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१० साली चिमूरपासून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला तिथेही बंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. तेव्हापासून बंदी फसली की फसवली गेली, यावर वाद झडतो आहे. मी बंदीच्या बाजूचा आहे. ज्या बाईच्या अंगावर वळ उठतात, तिला दुकान बंद झाल्याचा उपयोग ती सांगू शकते आणि तिचे ऐकले पाहिजे. पण या सगळ्या वादात दुकानाविषयी जेवढे बोलले गेले, तेवढे गिर्‍हाइकाविषयी बोलले गेले नाही. दुकान उघडे असो की बंद, ज्याला लागली आहे त्या पोराचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पायरीखालीच ठेवला.

घरात याचे उत्तर ठरलेले असते. आधी मार, मग देवासमोर शपथ, मग मामाच्या गावी रवानगी. मामाच्या गावीही पानठेला असतोच. मारून तलफ जात नाही, कारण तलफ हा हट्ट नव्हे. निकोटीन बंद झाले की चिडचिड, बेचैनी, डोकेदुखी, झोप उडणे हे पहिल्या काही दिवसांत होतेच. त्याच दिवसांत घर त्याच्यावर ओरडते आणि तो ठेल्याकडे वळतो. दारूचे तर याहून गंभीर. रोज पिणार्‍याने ती एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, तिथे डॉक्टरच हवा. पंक्चरचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणार्‍या पोरांकडे तर आपले लक्षच नाही. देशपातळीवरच्या २०१९ च्या अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळले होते.

उपचार असतो आणि तो लागू पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे तिथून मराठी घरांना कळू लागले. गडचिरोलीत 'सर्च'ने शोधग्रामला हे काम केले. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' यांच्या 'मुक्तिपथ'ने २०१६ पासून दारूबरोबर तंबाखूही हिशेबात धरली आणि उपचार तालुक्याच्या गावी नेला. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एटापल्लीच्या आईने पोराला घेऊन नागपूर गाठायचे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, भाडे आणि गावभर बोभाटा. उपचार तालुक्याला आला, तर ती बाजाराची पिशवी घेऊन निघते आणि कोणाला काही सांगावे लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मुलांच्या व्यसनासाठी समुपदेशक बसावा, आणि तो दिवस त्या गावच्या आठवडी बाजाराचा असावा. आम्ही बँकवाले वसुलीला बाजाराच्याच दिवशी बसत असू, कारण त्या दिवशी सारा मुलूख आपणहून येतो. वसुलीला जे सुचते, ते उपचाराला का सुचू नये? २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात व्यसनाचा विषय आहेच, नवा कायदा करायची गरज नाही.

आईबापांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मुलाला कोंडून ठेवणार्‍या, मारून सुधारण्याची हमी देणार्‍या ठिकाणी पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारासाठी दाखल केलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते, त्याच्याजवळ घरचे माणूस राहावे लागते. जिथे भेटू देत नाहीत, तिथून मुलाला परत आणा. घरबसल्या विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे सरकारी फोन आहेत, पैसे पडत नाहीत. आणि सुटलेला खर्रा पुन्हा सुरू झाला, तर सारे फुकट गेले असे समजू नका. मलेरियाचा ताप उलटतो तेव्हा आपण रोग्याला शिव्या देत नाही, पुन्हा औषध देतो.

दुसरी गोष्ट बापांसाठी, आणि ती जड जाईल. स्वतःच्या गालात खर्रा धरून मुलाला उपदेश करता येत नाही. करता येतो, पण शब्द नीट उमटत नाहीत. पोरासोबत बापानेही त्याच दिवशी पुडी टाकावी, दोघांनी एकमेकांची तलफ पाहावी, आठ दिवस एकमेकांची चिडचिड सोसावी. त्या आठ दिवसांत ते जेवढे बोलतील, तेवढे कदाचित आठ वर्षांत बोलले नसतील.