ध्वजस्तंभाची सावली

‘दुपारी बारा वाजता आपली सावली पायाखाली येते.’ हे वाक्य तिसरी-चौथीच्या गाईडांत सापडतं, वर्गातल्या तक्त्यांवर सापडतं, शिकवणीच्या वह्यांत तर हमखास सापडतं. पुण्यातलं, नाशकातलं किंवा कोल्हापुरातलं एखादं पोर ते वाचून ठीक बारा वाजता मैदानात उभं राहिलं, तर वर्षातल्या एकाही दिवशी त्याला ते तंतोतंत खरं झालेलं दिसणार नाही. परीक्षेत मात्र हेच लिहिलं की पूर्ण गुण.

कारण फार गहन नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून जास्त अंतरावर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तरी पुण्याचा मध्यान्ह अर्धा तास मागे पडतो. जुलैअखेर तो बारा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास होतो. आणि तेव्हाही सावली पायाखाली येईलच असं नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस आपल्याकडे वर्षातून दोनच. त्यांना आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतो. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेकडून जातं. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या दक्षिणेला आहे, म्हणून हे दोन दिवस आपल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला येतात. दिल्लीच्या मुलांना ते कधीच मिळत नाहीत.

आपल्या मुलांना मिळतात, पण शाळेला सोयीचे नसतात. पहिला दिवस मे महिन्यात येतो. सिंधुदुर्गात मेच्या सुरुवातीला, मुंबई-पुण्यात महिन्याच्या मध्यावर, नंदुरबार-गोंदियाकडे महिनाअखेरीस. तेव्हा शाळांना कुलूप असतं आणि मुलं आजोळी. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. त्यामुळे जे प्रत्यक्ष दाखवता आलं असतं ते पाठ करून घेण्याची पद्धत पडली असावी, असं मला कधी कधी वाटतं. पण ही सबब फार ताणता येत नाही. सावली मोजायला शून्य सावलीचाच दिवस लागतो असं कुठे आहे?

दुसरं लाडकं वाक्य घ्या. ‘सूर्य पूर्वेला उगवतो.’ म्हणून उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम. नेमक्या पूर्वेला सूर्य उगवतो तो साधारण २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवसांच्या आसपास. पुण्यात जूनअखेर तो पूर्वेच्या पंचवीस अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरअखेर तितकाच उजवीकडे. हात लांब करून मूठ वळली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे सहा महिन्यांत सूर्य क्षितिजावर चांगल्या पाच मुठी सरकतो. गच्चीवरून रोज सकाळी पाण्याची टाकी, नारळाचं झाड, मोबाइलचा मनोरा बघणाऱ्या पोराला हे सरकणं दिसू शकतं. आपण त्याला ‘पूर्व’ असं उत्तर देऊन टाकतो आणि मग ते बघतच नाही.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागू नये. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात तो किरणोत्सव परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला होतो. मधल्या काळात सूर्य आणखी दक्षिणेला जाऊन परत येतो. २२ डिसेंबरपासून मागे मोजा किंवा पुढे मोजा, दोन्हीकडे साधारण एक्केचाळीस-बेचाळीस दिवस भरतात. नोव्हेंबरात किरण आत आले आणि महिन्याभरात बंद झाले, मग ते गेले कुठे, हा प्रश्न तिसरीतल्या मुलाला विचारता येतो. त्याचं उत्तर त्याला लगेच येण्याची गरज नाही.

लहान मुलांच्या विज्ञानाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला अशी वाक्यं द्या जी त्याला आवारात जाऊन तपासता येतील, आणि तपासल्यावर जे दिसेल ते पुस्तकापेक्षा वेगळं असलं तरी वहीत लिहू द्या. व्याख्या नंतर येतील. वर्गातून दिसणाऱ्या सूर्यापेक्षा तक्त्यावरचा सूर्य जास्त खरा, हे एकदा मनात बसलं की पुढे प्रयोगशाळेतही मुलं आकडा आधी ठरवून वाचन नंतर लिहितात. तो प्रकार अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

सावलीबद्दल मुलांची स्वतःची मतं असतात आणि ती मजेदार असतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलं जगातल्या घडामोडींची कारणं कशी लावतात यावर १९२७मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात सावलीवर स्वतंत्र विवेचन आहे. अगदी लहान मुलांना सावली ही एक वस्तूच वाटते. ती आपल्यातून बाहेर पडते, झाडाखालच्या काळोखातून येते, रात्रीही असते पण दिसत नाही. प्रकाश अडला म्हणून तिथे तो पोचला नाही, हे कळायला बरीच वर्षं जावी लागतात. आता अशा मुलाला ‘प्रकाशाच्या मार्गात अपारदर्शक वस्तू आली की सावली पडते’ हे पाठ करायला लावलं तर काय होईल? वाक्य वहीत राहील आणि सावलीबद्दलची समजूत आहे तिथेच. ढगाळ दिवशी त्याला मैदानात नेऊन ‘आज तुझी सावली कुठे आहे?’ एवढं विचारलं, तर निदान समजूत बाहेर येते आणि शिक्षकाला कळतं की सुरुवात कुठून करायची.

उत्तराची घाई केली की काय होतं याचा आणखी एक चांगला दाखला आहे. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या साठ मुलांना पृथ्वीचा आकार विचारला. १९९२मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘गोल’ हे उत्तर बहुतेकांना येत होतं. पण खोदून विचारल्यावर निघालं की काहींच्या मनात पृथ्वी थाळीसारखी होती, काहींच्या मनात पोकळ चेंडू होता आणि माणसं त्याच्या आतल्या सपाट जमिनीवर राहत होती. काहींनी तर दोन पृथ्व्या केल्या होत्या, एक आपण राहतो ती आणि एक आकाशातली गोल. मोठ्यांनी सांगितलेलं आणि डोळ्यांना दिसणारं यांची मुलांनी आपल्यापुरती तडजोड केली होती. आपल्या चौथीतल्या मुलांना ‘अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला’ हे सांगितलं की त्यांच्या मनात कशी पृथ्वी तयार होत असेल, याची कल्पना करून बघा. सूर्य क्षितिजावर सरकताना ज्याने पाहिलेलाच नाही, त्याला हा कल कशासाठी हवा?

सावली मोजायला काय साहित्य लागतं? जवळजवळ प्रत्येक शाळेकडे ते उभंच आहे. ध्वजस्तंभ. पंधरा फुटांचा स्तंभ धरला तर पुण्यात १५ ऑगस्टच्या मध्यान्हाला त्याची सावली सुमारे सव्वा फूट पडते आणि २६ जानेवारीला साडेअकरा फुटांच्या आसपास. खांब तोच, मैदान तेच, झेंडावंदनाला उभी राहणारी मुलंही तीच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मध्यान्हाच्या सुमारास सावलीच्या टोकाला फक्कीने खूण करायची आणि दोरीने लांबी मोजून तारखेसह लिहायची. स्तंभाच्या चौथऱ्याची अडचण होत असेल तर कुंडीत उभी रोवलेली एक मीटरची काठीही चालते. तिची सावली पुण्यात डिसेंबरअखेर ९० सेंटिमीटर भरते आणि जूनअखेर जेमतेम साडेआठ. शिवाय जूनमधली ही सावली दक्षिणेकडे पडते, वर्षातल्या बाकीच्या बऱ्याच महिन्यांत उत्तरेकडे. हे पाहून चकित होणारे पदवीधर मला भेटले आहेत.

शिक्षकांवर आधीच कामाचं ओझं आहे, हे मान्य. माहिती भरा, फोटो चढवा, निवडणुकीला जा, जनगणनेला जा. त्यात हे आणखी एक नको, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण हे पाच मिनिटांचं काम आहे आणि खुणा मुलंच करतात. दुसरीकडे काही खासगी शाळा पहिलीपासून रोबोटिक्सची फी घेतात. ज्या मुलाने स्वतःची सावली मोजलेली नाही त्याच्यापुढे तयार सुट्या भागांचा संच ठेवून त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणायचं, हे मला पटत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीचे हिशेब आहेत. त्यांचं नाव आपण दर विज्ञान दिनाच्या भाषणात घेतो, काठी मात्र रोवत नाही.

आता पावसाळ्यातल्या शून्य सावलीच्या तारखा सांगतो. जूनअखेरनंतर सूर्य दक्षिणेकडे परतीच्या वाटेवर असतो. नागपुरात तो १७ जुलैच्या सुमारास डोक्यावर येतो, मुंबईत २७-२८ जुलैला, पुण्यात त्यानंतर एक-दोन दिवसांनी, कोल्हापुरात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि पणजीत ९-१० तारखेला. मुंबई-पुण्यात साडेबारा ते पाऊण या वेळात मुलांना घेऊन बाहेर पडा. नागपुरात सव्वाबारालाच तयार राहा. एका गावाला ढग लागले तर दुसऱ्या गावच्या शाळेला फोन करून विचारा. ढग सगळीकडेच असले तर ‘आज सावली दिसली नाही’ अशी नोंद करा, तीही नोंदच आहे. मुलांना सूर्याकडे थेट बघू देऊ नका, बघायचं ते जमिनीवर. आणि घटक चाचणीचे पेपर काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती: ‘दुपारी बारा वाजता सावली ---- येते’ ही रिकामी जागा या वर्षी घालू नका. त्याऐवजी मुलांच्या वहीतली सावलीची नोंद मागा.