पुरावा कोणी द्यावयाचा?

जुन्या हिंदी चित्रपटांविषयी आपल्याकडे काही मते इतकी रूढ झाली आहेत की ती तपासून पाहावीत असे कोणास वाटत नाही. 'अछूत कन्या' (१९३६) आणि 'सुजाता' (१९५९) हे अस्पृश्यतेवर प्रहार करणारे थोर चित्रपट होत, हे त्यांपैकीच एक मत. चित्रपटविषयक लेखनात ते वारंवार आढळते आणि समतेच्या कार्यक्रमांत हे चित्रपट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावेत, अशी सूचनाही सद्भावनेने केली जाते. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आमचा मतभेद आहे तो त्यांच्या निष्कर्षाशी. आमच्या मते हे दोन्ही चित्रपट अस्पृश्यतेविषयी हळहळतात, पण जातिव्यवस्थेच्या मुळाशी जात नाहीत. शिवाय, माणूस असल्याचा पुरावा ते अस्पृश्य व्यक्तीकडेच मागतात.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते देऊ. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'ने ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य तरुणी यांचे परस्परांवरील प्रेम १९३६ साली पडद्यावर आणले, ही सामान्य गोष्ट नव्हती. बिमल रॉय यांचे दिग्दर्शन आणि नूतन यांचा संयत अभिनय यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. 'सुजाता'त पाळणारी आई तिची ओळख करून देताना 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. सुशिक्षित घरातील जात एवढ्या एका शब्दात पकडणारा हा प्रसंग खरोखर मर्मभेदी आहे. परंतु कलागुण निराळे आणि विचार निराळा. एखादी कृती सुंदर आहे म्हणून तिचा विचारही योग्य असलाच पाहिजे, असे मानणे इतिहासाच्या अभ्यासकास परवडणारे नाही.

आता कथानके पाहू. 'अछूत कन्या'तील कस्तुरी ही रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याची मुलगी. प्रतापवर तिचे प्रेम आहे, परंतु जात आड येते. दोघांची लग्ने आपापल्या जातीत होतात आणि अखेरीस फाटकापाशी जुंपलेली हाणामारी थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरी आगगाडीखाली सापडून मरते. मेल्यानंतर तिचे स्मारक उभे राहते आणि जिवंतपणी जिला जवळ केले नाही, ती पूज्य ठरते. 'सुजाता'त ब्राह्मण अभियंत्याच्या घरी वाढलेली अनाथ अस्पृश्य मुलगी घरातील सर्व कामे निमूटपणे करते. घरची मुलगी रमा महाविद्यालयात जाते. सुजाताच्या वाट्याला बाग आणि घरकाम. अधीर हा ब्राह्मण तरुण तिच्यावर प्रेम करतो, तेव्हा घरात वादळ उठते. पुढे पाळणारी आई जखमी होते, तिला रक्ताची गरज पडते आणि केवळ सुजाताचेच रक्त जुळते. ते रक्त दिल्यानंतर आईचे मन पालटते आणि विवाहास संमती मिळते.

एकीने प्राण दिले, दुसरीने रक्त दिले. दोघींचा स्वीकार झाला तो या दानानंतर. 'रक्त सर्वांचे सारखेच असते, हा केवढा उदात्त संदेश!' असे 'सुजाता'विषयी म्हटले जाते. आमचा प्रश्न साधा आहे. सुजाताचे रक्त जुळले नसते तर? वैद्यकशास्त्रात रक्तगट न जुळणे ही नित्याची बाब आहे. मग ती त्या घरात जन्मभर 'मुलीसारखी'च राहिली असती काय? ज्या न्यायालयात आरोप करणाऱ्याने काहीच सिद्ध करावयाचे नाही आणि आरोपीने मात्र आपले रक्त पुराव्यादाखल सादर करावयाचे, त्या न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला म्हणून त्यास न्याय म्हणता येत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. 'हे चित्रपट त्यांच्या काळाच्या मापाने मोजा. त्या काळी एवढे धाडसही पुष्कळ होते.' काळाच्या मापाने मोजावे, हा नियम आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तो काळ कोणता होता, हे पाहणे अगत्याचे ठरते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला होता आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जातीचा उगम धर्मशास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेत आहे आणि त्या श्रद्धेवर आघात केल्याखेरीज जात जाणार नाही, हे त्यातील प्रतिपादन होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दादर-नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची मीमांसा केली. बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता. एकाच शहरात, एकाच वर्षी एकीकडे हजारो अस्पृश्य आपला मार्ग स्वतः ठरवीत होते आणि दुसरीकडे पडद्यावरची अस्पृश्य कन्या रुळांवर प्राण देत होती. तेव्हा काळ मागे नव्हता. चित्रपट काळाच्या मागे होता.

'सुजाता'बाबतही हेच म्हणावे लागते. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले होते, तर १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंदचा प्रारंभ झाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. परिषदा भरविणाऱ्या, ठराव मांडणाऱ्या आणि शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या स्त्रिया समाजात वावरत असताना पडद्यावर आली ती डोळे खाली घातलेली, कृतज्ञतेने वाकलेली सुजाता. ती खचते तेव्हा तिच्यासमोर गांधीजींचा पुतळा उभा केला जातो. ज्या चळवळीने तिच्यासारख्या मुलींच्या हाती पुस्तक दिले, त्या चळवळीचा मागमूसही कथेत नाही.

या चित्रपटातील एक गोष्ट आम्हां बौद्धांस विशेष विचार करावयास लावणारी आहे. त्यात रवींद्रनाथ टागोरांच्या 'चंडालिका'चा प्रयोग दाखविला आहे. त्या नाटकाचे मूळ 'दिव्यावदान' या बौद्ध संस्कृत ग्रंथातील 'शार्दूलकर्णावदाना'त आहे. भदन्त आनंद तहानलेले असतात, विहिरीवर प्रकृती नावाची मातंगकन्या असते आणि ती आपली जात सांगून मागे सरते. आपण कुळ वा जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे, असे आनंद तिला सांगतात. येथवरची कथा सर्वपरिचित आहे. परंतु मूळ ग्रंथात कथा येथे संपत नाही. प्रकृती पुढे भगवान बुद्धांकडे जाते आणि ते तिला भिक्षुणीसंघात प्रवेश देतात. श्रावस्तीतील ब्राह्मण क्षुब्ध होतात, राजा प्रसेनजितापर्यंत गोष्ट जाते. तेव्हा बुद्ध त्रिशंकू नावाच्या मातंग राजाची कथा सांगतात. हा राजा पुष्करसारी या ब्राह्मणाकडे आपल्या पुत्रासाठी त्याची कन्या मागतो आणि तो संतापला असता मनुष्यामनुष्यांत जातिभेद नाही, हे युक्तिवादाने पटवून देतो.

येथे आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. प्रकृतीला संघात घेताना तिच्याकडून रक्त मागितले गेले नाही, प्राण मागितले गेले नाहीत. ज्यांनी आक्षेप घेतला, उत्तर त्यांना द्यावे लागले. आणि कथेतील युक्तिवाद करतो तो मातंग आहे. कोणी कनवाळू उच्चवर्णीय त्याच्या वतीने बोलत नाही. सुमारे दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात मातंगाच्या मुखी जो तर्क आहे, तो १९५९ च्या चित्रपटात सुजाताच्या मुखी नाही. कथेतील पाण्याचा प्रसंग तेवढा उचलला गेला; युक्तिवाद आणि संघप्रवेश मागेच राहिले.

मग हे चित्रपट दाखवूच नयेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. बंदी हा विचाराचा मार्ग नव्हे. ते जरूर दाखवावेत, पण आदर्श म्हणून न दाखविता ऐतिहासिक साधन म्हणून दाखवावेत. चित्रपटाचे साल फळ्याच्या एका बाजूस लिहावे आणि त्या सालच्या घटना दुसऱ्या बाजूस. नंतर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत: या कथेत बोलते कोण, ठरविते कोण आणि किंमत मोजते कोण? आठवी-नववीची मुले या प्रश्नांची उत्तरे अचूक देतात, असा आमचा अध्यापनातील अनुभव आहे.

हा आग्रह वसतिशाळेत अधिक आवश्यक आहे. येथील मुलामुलींकडे पाहुणे अनेकदा करुणेने पाहतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता शोधतात. गुणी अस्पृश्य म्हणजे सोसणारा, सेवा करणारा, उपकार स्मरणारा, ही प्रतिमा अशा चित्रपटांनी दृढ केली. आमच्या विद्यार्थिनींनी ती प्रतिमा आपली मानू नये. येथे मिळणारे शिक्षण, अन्न आणि निवारा हा कोणाचा उपकार नाही. तो संघर्षाने मिळविलेला आणि राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे. त्यासाठी त्यांना आपल्या चांगुलपणाचा पुरावा कोणापुढेही सादर करावयाचा नाही. विषमता ज्यांना योग्य वाटते, पुरावा त्यांनी द्यावा.