जुना लॅपटॉप: टाकावा, कीं सुधारावा?

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राचें उत्तर खासगी रीतीनें न देतां ह्या सदरांत द्यावें, असें आम्हांस वाटलें. कारण त्यांतील अडचण आज पुष्कळ घरांतून दिसते. पत्र लिहिणारे गृहस्थ एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. सन २०२० मध्यें मुलांच्या शाळा घरांतच भरूं लागल्या, त्या वेळीं घेतलेला एक स्वस्त लॅपटॉप त्यांच्याकडे आहे. आज धाकटी सून त्यावर एम. ए.चा प्रबंध लिहीत आहे. यंत्र सुरू करून ठेवलें, म्हणजे तें कामास लागेपर्यंत सकाळचा चहा होऊन कपबशाही विसळून होतात, असें गृहस्थ लिहितात. इकडे पुतण्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत गेला असून त्याला नवा लॅपटॉप हवा आहे. घरांत एका पक्षाचें म्हणणें, नवा घ्यावयाचा तो मुलास घ्यावा, सूनबाईंनीं जुना आहे तसा चालवावा. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, प्रबंध चार महिन्यांत द्यावयाचा आहे, तेव्हां तिची गरज आधींची. दुकानदार म्हणतो, “प्रोसेसर आणि रॅम दोन्ही बदलून देतों, नऊ हजार रुपये पडतील.” हा खर्च करावा कीं न करावा, असा गृहस्थांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें: रॅम बदलावी, प्रोसेसर बदलण्याच्या नादीं लागूं नये, आणि ज्या तिसऱ्या वस्तूचें नांव दुकानदारानें घेतलें नाहीं, ती मात्र अवश्य बदलावी. आतां ह्याचीं कारणें सांगतों.

लग्नकार्याच्या मुदपाकखान्याची कल्पना करावी. आचारी रांधतो, त्याच्यापुढें ओटा असतो व त्यावर चालू पदार्थांचें सामान मांडलेलें असतें, आणि मागें कोठीची खोली असते, तींत सर्व शिधा भरलेला असतो. लॅपटॉपांत प्रोसेसर हा आचारी, रॅम हा ओटा, आणि डिस्क ही कोठी होय. ओटा अपुरा असला, म्हणजे प्रत्येक फोडणीला जिन्नस कोठींतून आणवावा लागतो आणि जागा करण्यासाठीं आधींचा जिन्नस परत कोठींत पाठवावा लागतो. त्यांतून कोठी सांभाळणारा मंद असला, तर आचारी कितीही चपळ असो, पंगत खोळंबते. सदर लॅपटॉपांत रॅम चार जी.बी. आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची आहे. म्हणजे ओटा लहान आणि कोठीवाला मंद, असे दोन्ही योग येथें जुळून आले आहेत.

प्रथम प्रोसेसरचें पाहूं. गृहस्थांनीं पाठविलेल्या छायाचित्रांत इन्टेल कंपनीचा सेलेरॉन एन ४०२० हा प्रोसेसर दिसतो. ह्यास दोन गाभे आहेत. मूळ गति १·१ गिगाहर्ट्झ असून गरजेपुरती ती २·८ पर्यंत चढते. आणि त्याची योजनाच ६ वॅट इतक्या अल्प उष्णतेसाठीं केलेली आहे. तो मदरबोर्डावर खुंट्यांनीं बसविलेला नसून कथिलाच्या सूक्ष्म मण्यांनीं कायमचा झाळलेला असतो. तो उपटून दुसरा बसविण्यास तप्त हवेचें खास यंत्र व कसबी हात लागतात. एवढें करूनही त्या मदरबोर्डाच्या मूळ आज्ञावलीस, म्हणजे बायोसला, नवा प्रोसेसर ओळखतां आला पाहिजे. तेव्हां दुकानदार “प्रोसेसर बदलतों” म्हणतो, त्याचा अर्थ त्यास स्पष्ट विचारावा. बहुधा संपूर्ण मदरबोर्डच बदलण्याचा त्याचा विचार असेल. आणि स्वस्त यंत्राच्या बाबतींत तो खर्च यंत्राच्या मोलाशीं मुळींच जुळत नाहीं.

पूर्वीं अशी स्थिति नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. कारण “आमच्या ओळखीच्यांनीं प्रोसेसर बदलला होता” असें सांगणारे लोक खोटें बोलत नसतात. सन २०११ च्या सॅन्डी ब्रिज पिढीच्या पुष्कळ साध्या लॅपटॉपांत प्रोसेसर सॉकेटांत बसविलेला असे. पेंच उलट फिरवला कीं तो मोकळा होई. अशा यंत्रांतील आय-३ २३१० एम काढून त्या जागीं आय-५ २५२० एम बसविलेले लोक आहेत. दोहोंचीही उष्णतेची मर्यादा ३५ वॅट, त्यामुळें जुना पंखा व तांब्याची नळी नव्यालाही पुरते. परंतु हौसेनें ४५ वॅटचा चार गाभ्यांचा आय-७ २६३० क्यू एम घातला, तर तीच नळी अपुरी पडून यंत्र तापतें, आणि तापलें म्हणजे आपण होऊन गति उतरवतें. सन २०१३ च्या हॅस्वेल पिढीनंतर इन्टेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांतून सॉकेटाची सोय गेली. ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटीं यू हें अक्षर असेल, तो झाळलेलाच समजावा.

आतां रॅम. येथें आशेला जागा आहे, पण तीही सर्वत्र नाहीं. कांहीं पातळ लॅपटॉपांत रॅमही बोर्डावर झाळलेली असते. तेथें वाढीचा प्रश्नच उरत नाहीं. कांहींत थोडी झाळलेली व एक खण मोकळा, आणि कांहींत दोन खण असतात. आमच्या गृहस्थांच्या यंत्रांत खण एकच आहे. म्हणून चार जी.बी.ची पट्टी काढून तेथें आठ जी.बी.ची बसवावी लागेल. सोळाची घेऊं नये. कारण ह्या प्रोसेसरला इन्टेलनें घालून दिलेली मर्यादा आठ जी.बी.चीच आहे.

पट्टी घेतांना जातीची चौकशी करावी. लॅपटॉपची पट्टी मोठ्या संगणकाच्या पट्टीच्या सुमारें निम्म्या लांबीची असते. तींत डी.डी.आर. ३ च्या पट्टीस २०४ संपर्कबिंदु, डी.डी.आर. ४ च्या पट्टीस २६०, व डी.डी.आर. ५ च्या पट्टीस २६२ असतात. आणि प्रत्येकीची खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या खणांत बसत नाहीं. ह्या लॅपटॉपास डी.डी.आर. ४ ची, १·२ व्होल्टची पट्टी पाहिजे. तिसऱ्या जातींत आणखी एक पोटभेद आहे: साधी १·५ व्होल्टची, व एल अक्षराची १·३५ व्होल्टची. खांच दोहोंची एकच असल्यामुळें त्या अदलाबदलीनें बसतात, पण कमी व्होल्टच्याच यंत्रांत साधी पट्टी चालत नाहीं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी काढून, तिच्यावरील चिठ्ठीसह, दुकानांत दाखवावी.

तिसरी वस्तु डिस्क. ह्या यंत्रांतील तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हवी ती नोंद सुईखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. सुई जागेवर सरकण्याचा वेळ निराळाच. यंत्र सुरू होतांना असे हजारों लहान शोध घ्यावे लागतात, आणि त्यांचीच बेरीज म्हणजे तो चहाचा व कपबशांचा वेळ. ह्याउलट एस.एस.डी. नांवाच्या डिस्कमध्यें कांहींच फिरत नाहीं. सॅटा जोडणीची साधी एस.एस.डी. सेकंदास सुमारें ५०० एम.बी. वाचते, तर तबकडी शंभराच्या आसपास. आणि लहान शोधांत तर ह्या दोहोंतील अंतर ह्याहून कितीतरी अधिक पडतें. अडीच इंची तबकडीच्याच जागीं त्याच मापाची एस.एस.डी. बसते. काढलेली तबकडी टाकून देऊं नये. बाहेरून जोडावयाच्या पेटींत घातली, म्हणजे घरांतील छायाचित्रें साठविण्यास ती उपयोगीं पडते.

परंतु केवळ आम्ही सांगतों म्हणून कोणीं खर्च करूं नये. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी यंत्राची नाडी पाहण्याची सोय विंडोजमध्येंच आहे. कन्ट्रोल, शिफ्ट आणि एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबलीं, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील परफॉर्मन्स ह्या पानावर प्रोसेसर, मेमरी व डिस्क ह्यांचा भार शेंकड्यांत दिसतो. मेमरीच्या पानावर खण किती व भरलेले किती, हेंही बहुधा कळतें. नेहमीचें काम चालू ठेवून दहा मिनिटें तेथें पाहत बसावें. मेमरी नव्वदाजवळ आणि डिस्क सतत शंभरावर असेल, तर दुखणें आम्हीं वर सांगितलें तेंच. मात्र मेमरी व डिस्क मोकळ्या असून प्रोसेसर एकटाच शंभरावर चिकटून राहत असेल, तर त्या यंत्राकडून तें काम होणें नाहीं. तेथें पैसा घालूं नये.

काम स्वतः करणारांनीं क्रम पाळावा. सर्वांआधीं प्रबंध व इतर महत्त्वाचे कागद दुसऱ्या ठिकाणीं उतरून ठेवावे. यंत्र हमींत असेल, तर उघडण्यापूर्वीं हमीच्या अटी वाचाव्या. नंतर यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. तळाचे स्क्रू लांबीनें सारखे नसतात. म्हणून कागदावर तळाचें चित्र काढून ज्याचा त्याच्या जागीं ठेवावा. झांकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी आधीं सोडवावी, आणि अंगांतील स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूस हात लावावा. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चाप बाहेर सारले, कीं ती तिरपी वर येते. नवी तशीच तिरपी, खांच जुळवून, पूर्ण आंत सारावी व खालीं दाबावी. चाप बसल्याचा आवाज येतो. पहिल्या वेळीं पडदा कांहीं क्षण काळा राहिला, तर घाबरूं नये. आठांपैकीं कांहीं भाग चित्रांच्या कामासाठीं राखला जातो, म्हणून वापरण्याजोगी मेमरी किंचित् कमी दिसते. ती दुकानदाराची लबाडी नव्हे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. एन ४०२० हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादींत आहे, त्यामुळें नव्या एस.एस.डी.वर तीच पद्धति घालावी. आणखी एक गोष्ट: सन २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव जगभर फार चढले, म्हणून दोन-तीन ठिकाणीं भाव विचारूनच खरेदी करावी, आणि चढ्या भावामुळें दोहोंपैकीं एकच वस्तु घेणें शक्य असेल, तर ह्या यंत्रापुरती एस.एस.डी. आधीं घ्यावी.

आतां घरांतील दोन पक्षांविषयीं. ह्या दुरुस्तीनंतरही आचारी तोच राहणार आहे, हें ध्यानांत ठेवावें. लेखन, वाचन, टिपणें, व्याख्यानें पाहणें हीं कामें यंत्र नीट करील. अभियांत्रिकीच्या त्रिमितीय आराखड्यांस तें पुरणार नाहीं. म्हणून मुलास नवा लॅपटॉप लागेल, ही गोष्ट खरी. पण तेवढ्यावरून सूनबाईंनीं खोळंबून बसावें असें होत नाहीं. मुलाचा आराखड्यांचा अभ्यास सुरू होण्यास अवकाश असेल, तर खरेदी एका सत्रानें पुढें ढकलावी. प्रबंधाची तारीख ढकलतां येत नाहीं. तेव्हां जुन्या यंत्राची दुरुस्ती ह्याच आठवड्यांत करावी, आणि ती करण्याचें काम त्या पुतण्याकडेच द्यावें. काकूचा प्रबंध सुरळीत चालेल, आणि यंत्राचें अंतरंग त्याला प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.

पुढें त्याचा लॅपटॉप घ्यावयाची वेळ आली, म्हणजे दुकानदारास तीन प्रश्न विचारावे: रॅम झाळलेली आहे कीं खणांत आहे? मोकळा खण किती? डिस्क बदलतां येते काय? उत्तरें यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाशीं ताडून पाहावीं, आणि मगच पैसे मोजावे.