मेलेल्या माशांचा हिशेब
देशात १९१९पासून पशुगणना होते. म्हशीच्या कत्तलीपूर्वी १९७६च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यान्वये सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. गोवंशहत्या तर २०१५पासून संपूर्ण निषिद्ध आहे. कत्तलखान्याच्या परवान्याची चौकशी आपण हिरिरीने करतो. पण इचलकरंजीच्या खाली तेरवाड बंधाऱ्यावर पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा आपल्यापैकी किती जण तेथे गेलो? मासे किती व कोणत्या जातीचे मेले, त्या दिवशी सांडपाणी कोठून सुटले, पाण्याच्या नमुन्यात काय आढळले, याची एकत्र नोंद मत्स्यव्यवसाय विभाग व प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. २०१२च्या काविळीत दूषित पाण्याने याच शहरातील माणसे नेली आहेत.