भूगर्भाचें चित्र : कशावरून?

अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहून आलेलीं मुलें आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारितात, "हा डोंगर पुन्हां पेटेल काय?" आमचें उत्तर "नाहीं" असें आहे. परंतु "कशावरून?" हा पुढचा प्रश्न फारच थोडीं मुलें विचारितात, आणि आमच्या मतें खरें शिक्षण तेथेंच सुरू होतें.

दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचा झाला आहे. आज भारतांत जागृत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रांतील बॅरन बेटावरचा.

ज्वालामुखीच्या पोटांत कोणास उतरतां येत नाहीं; मग तेथील रसाचा सांठा कळतो कसा? कुंभाराकडे गेलेली गृहिणी मडकें वाजवून त्याची चीर ओळखते, तशीच ही युक्ति आहे. भूकंपाच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. एक खडकास पुढेंमागें ढकलीत जाते, दुसरी त्यास आडवी हलवीत जाते. तप्त, अर्धवट वितळलेल्या खडकांत दोन्ही मंदावतात. दुसरी तर निव्वळ द्रवांतून जातच नाहीं. डोंगराभोंवतीं भूकंपमापक यंत्रें मांडून कोणती लहर कोठें किती उशिरां पोंचली हें टिपतात, आणि त्यावरून गणितानें भूगर्भाचें चित्र काढितात.

परंतु हें छायाचित्र नव्हे, अनुमान आहे. अमेरिकेंतील यलोस्टोनच्या वरच्या सांठ्यांत वितळलेला भाग सुमारें ९ टक्के असावा, असें २०१५ सालच्या अभ्यासांत आढळलें. २०२२ सालच्या अभ्यासानें तोच १६ ते २० टक्के ठरविला. यांत कोणाची लबाडी नाहीं. गणिताची रीत सुधारली, तसें उत्तर सुधारलें. पुस्तकांत रंगवितात तसें लाल तळें मात्र तेथें नाहीं. बहुतेक खडक घनच असून भिजलेल्या वाळूंत पाणी असावें तसा त्यांत रस आहे.

आपल्या इकडचें उदाहरण कोयनेचें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें स्फोटांच्या लहरींनीं त्या भागाचा भूगर्भ तपासला. २०१७ सालीं तर तेथें तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून झालें. सुमारें सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला, आणि त्याखालीं लाव्हारस नव्हे, तर प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. आमच्या "नाहीं"चा हा एक आधार होय.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका लागली, तेव्हां लोक रात्री घराबाहेर काढूं लागले. अशा वेळीं कोणी फोनवर भूगर्भाचें एखादें लाल चित्र धाडिलें, तर भयभीत मनुष्य तें खरेंच मानतो. त्यास आधार हवा तो एकाच संवयीचा : मोजलें काय आणि ताडलें काय, हें वेगळें करून पाहण्याचा.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें घरीं "कशावरून?" असें विचारिलें तर त्यास उर्मट समजून गप्प बसवूं नये. आम्हां शिक्षकांसही हें लागू आहे. उत्तर ठाऊक नसेल तर तसें स्पष्ट सांगावें, आणि मुलाबरोबर शोधावयास बसावें.