हिस्लॉप यांची शिदोरी
परदेशातली प्रदीर्घ सेवा आटोपून मिशनरी मायदेशी निघतो, तेव्हा मागे काय उरते? स्कॉटलंडहून आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना निरोप घ्यायलाही मिळाला नाही. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, 4 सप्टेंबर 1863 रोजी पुराच्या पाण्यात ते बुडाले. आले होते धर्मप्रसाराला; पण गोंडांच्या लिंगोची गाथा त्यांनी गोंडीतच टिपून ठेवली. दुसऱ्याच्या देवाची गाणी इतक्या आस्थेने ऐकणे, हीच मला त्यांची खरी सेवा वाटते. ती टिपणे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकांनो, गोंड मुलांना ही गाथा त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा.