सतीर्थ्य

यंदाच्या गणपतींत आरती आटोपून मंडळी पानांवर बसण्याच्या वेळीं आमच्या पुतण्याची कन्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, एकाला दिलेला शब्द मीं मोडला. तुम्हांस विचारावयाचें आहे." ती पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत असून, या खेपेस नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणून तिची निवड झाली होती. तिचा प्रश्न सांगण्यापूर्वीं ही मार्गदर्शकी म्हणजे काय, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें 2017 सालीं अभियांत्रिकीच्या नवागतांसाठीं तीन आठवड्यांचा परिचय-कार्यक्रम घालून दिला. विद्यापीठ अनुदान आयोगानें 2019 सालीं इतर शाखांसाठींही तशीच योजना आंखून तिला 'दीक्षारंभ' हें नांव दिलें. वीसएक मुलांचा गट, त्यावर एक अध्यापक, आणि त्याच्या मदतीस वरच्या वर्गांतील विद्यार्थी, अशी साधारण मांडणी असते. ग्रंथालय कोठें, प्रयोगशाळा कोठें, आजारी पडल्यास कोणाकडे जावें, येथपासून नवागतास सर्व दाखवावयाचें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थी म्हटला कीं पालकांच्या छातींत धस्स होतें, आणि तें अकारण नव्हे. नवागतांच्या छळाविरुद्ध महाराष्ट्रानें 1999 सालींच कायदा केला. तरीही 2009 सालीं हिमाचल प्रदेशांत वैद्यकाचा एक विद्यार्थी अशाच मारहाणीनंतर दगावला, आणि त्याच वर्षीं आयोगानें देशभर कडक नियम लागू केले. तक्रारीसाठीं 1800-180-5522 हा विनामूल्य दूरध्वनि-क्रमांक आहे. पालकांनीं तो टिपून ठेवावा. ज्याचें भय, त्याच्याच हातीं लेंकरूं सोंपवावयाचें, हें मला प्रथम विपरीतच वाटलें होतें. परंतु आपल्या पूर्वजांनीं या नात्यास एक सुंदर शब्द योजिला आहे. 'तीर्थ' म्हणजे नदींत सुखानें उतरतां येईल असा उतार. अमरकोशांत त्याचा 'गुरु' असाही अर्थ दिला आहे. एकाच गुरूपाशीं शिकणारे ते सतीर्थ्य. आधीं आलेल्या सतीर्थ्यास दगड कोठें निसरडा आहे, तें नुकतेंच कळलेलें असतें. अध्यापक त्या घाटावरून उतरल्यास पुष्कळ वर्षें लोटलेलीं असतात.

आतां तिची हकीकत. तिच्या गटांत मराठवाड्यांतील एका खेड्यांतून आलेला मुलगा होता. पहिल्या दिवशीं प्रत्येकानें उभें राहून इंग्रजींत स्वतःची ओळख करून द्यावी असें ठरलें. तो नांवापलीकडे कांहीं बोलूं शकला नाहीं. दुसऱ्या दिवशीं हिनें आपली ओळख मुद्दाम मराठींत करून दिली, तेव्हां आणखी पांचसहा जणांनीं मराठींतच तोंड उघडलें. परंतु हा गप्पच. तो खानावळींतही दिसेना. हिनें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, एकट्यानें ताट घेऊन कोणत्या बाकावर बसावें हें न कळल्यामुळें तो घरून आणलेल्या दशम्यांवर दिवस काढीत होता. तेव्हांपासून ती त्यास जेवावयास बरोबर नेऊं लागली. दहाव्या दिवशीं तो म्हणाला, "ताई, मीं ट्रंक भरली आहे. रविवारीं जातों. कोणास सांगूं नका." हिनें "नाहीं सांगत" असें म्हटलें, आणि रात्रभर तळमळून सकाळीं गटाच्या अध्यापकांस सर्व सांगितलें.

"मीं चुकलें का?" तिनें विचारलें.

मी लगेच उत्तर देऊं शकलों नाहीं, याचें कारण घरांत कोणास ठाऊक नव्हतें. 1974 सालीं मॅट्रिक होऊन मी शहरांतील एका महाविद्यालयांत दाखल झालों होतों. संस्कृत घरींच झालें असल्यामुळें त्याची धास्ती नव्हती. पण बाकीचीं व्याख्यानें इंग्रजींत, आणि तीं डोक्यावरून जात. चौथ्या आठवड्यांत मींही ट्रंक भरली. खोलींतील वडील विद्यार्थ्यास सांगितलें, आणि कोणास न सांगण्याची शपथ घातली. त्या सज्जनानें ती अक्षरशः पाळली! मी गांवीं परतलों. पुढें अध्यापनाचें शिक्षण घेऊन मास्तर झालों. संसार सुखाचा झाला, तक्रार नाहीं. परंतु त्यानें एका प्राध्यापकाच्या कानावर घातलें असतें तर काय झालें असतें, हा विचार पन्नास वर्षें अधूनमधून येतो.

हें मीं तिला त्या रात्रीं सांगितलें, आणि म्हटलें, "शब्द मोडल्याचा दोष तुला लागला खरा. तो घेऊन राहा. पुढच्या वेळीं मात्र आधींच सांगत जा कीं, तुझ्या जिवाची वा शिक्षणाची गोष्ट असेल तर मी गप्प बसणार नाहीं. तेवढें सांगून मग ऐकावें."

ज्या घरचीं मुलें अशीं मार्गदर्शक झालीं असतील, त्यांच्या वडील मंडळींनींही त्यांस हें एवढें सांगावें. इमारती काय, शिपाईही दाखवितो.

त्या मुलाचें काय झालें, असें वाचक विचारतील. अध्यापकांनीं त्यास बोलावून घेतलें, गणितासाठीं संध्याकाळची वेळ दिली, वडिलांशीं बोलणें केलें. तो राहिला. आमच्या नातीशीं मात्र अद्याप बोलत नाहीं. गणपतीहून परत जातांना तिनें उकडीचे मोदक डब्यांत भरून घेतले. कोणासाठीं, हें मीं विचारलें नाहीं.